शेऱ्याचा रकाना

आमच्या नदीला सरकारी नकाशात नाला म्हटलेलं आहे. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे आजतागायत पटलेलं नाही. कर्जतजवळ कडावच्या बाजूला आमचं गाव, गावाच्या वर डोंगर, डोंगराच्या अंगाला ठाकरांची वाडी, आणि वाडीच्या शेजारून उतरून आमच्या पुलाखालून जाणारी ही नदी. पुलाच्या मधल्या खांबावर काळी-पांढरी पट्टी रंगवलेली आहे, तिच्यावर मीटर-सेंटिमीटरच्या खुणा. ती पट्टी वाचायचं काम मला आठवतं तेव्हापासून आबांकडे आहे. रोज सकाळी आठला वाचायची, पावसाळ्यात दर तीन तासांनी, आणि पूर असला की कार्यालयातून सांगतील तेव्हा. आकडा वहीत लिहायचा आणि फोन करून कळवायचा. नाल्याची पातळी कोण एवढी वाचतं, असं आबा विचारतात, आणि त्यांच्या मते तिथे वाद संपतो.

वहीला तीन रकाने. वेळ, पातळी आणि शेरा. पहिले दोन कोणीही भरले असते, आबांचा जीव तिसऱ्यात. ‘पाणी गढूळ.’ ‘पाणी निवळलं.’ ‘वरून ओंडका आला, पट्टीला घासून गेला, रंग उडाला.’ ‘गाय व्याली म्हणून वाचायला वीस मिनिटं उशीर.’ एका जानेवारीत नुसतंच ‘थंडी.’ शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद आणि आबांचं अक्षर टपोरं, त्यामुळे शेरा समासात चढायचा आणि तिथून वळून पानाच्या डोक्यावर जायचा. लहानपणी मला ते पान फिरवून फिरवून वाचायला आवडायचं.

मोठेपणी नाही आवडलं. मी इंजिनिअर झाले, खालापूरच्या बाजूला पाण्याच्या एका कार्यालयात लागले, आणि पहिलं काम मिळालं ते सगळ्या पुलांवरच्या जुन्या वह्या संगणकात भरायचं. गठ्ठ्यात आबांच्याही वह्या होत्या. भरायच्या फॉर्ममध्ये वेळ आणि पातळी एवढ्या दोनच जागा, शेऱ्याला जागा नव्हती. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. शेजारच्या टेबलांवर पुण्या-मुंबईची हुशार मंडळी बसायची, त्यांनी आमच्या गायीचं बाळंतपण वाचावं असं मला अजिबात वाटत नव्हतं. मी आकडे उचलले आणि बाकी सगळं वहीतच सोडलं. भराभर टाईप करते म्हणून माझं कौतुकही झालं.

हे आकडे गेले ते आमच्या मॉडेलच्या पोटात. मॉडेल म्हणजे संगणकात बसवलेलं अख्खं पाणलोट क्षेत्र. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस कुठल्या ओढ्याने उतरेल, किती जमिनीत मुरेल, किती वेळात कर्जतला पोचेल, हे त्याला शिकवलेलं आहे. पावसाळ्यात ते दर तासाला चालतं. घाटावरचा ताजा पाऊस घेतं, पुलांवरच्या ताज्या पातळ्या घेतं, आपला अंदाज आणि पट्टीवरचा आकडा जुळला नाही तर स्वतःला दुरुस्त करून घेतं, आणि पुढच्या काही तासांत पाणी कुठवर चढेल ते सांगतं. त्याच्या सांगण्यावरून माणसं वेळेवर हलवली गेलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे माझा त्याच्यावर जीव आहे. दसऱ्यानंतर मात्र त्याला कोणी काही विचारत नाही. पावसाळा संपलेल्या छत्रीसारखं ते कोपऱ्यात पडून असतं.

आता मावशीचं सांगते. मावशी म्हणजे वाडीतली बाई, आमच्या रक्ताची नव्हे. ती आमच्याकडे लावणीला यायची, आणि आई चिखलात वाकलेली असताना मला कडेवर घेऊन बांधावर फिरवायची. हल्ली तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत. वाडीला पाणी नदीचंच, आणि नदी खाली, वाडी वर. दिवसातून तीन खेपा, डोक्यावर दोन हंडे. मधल्या एका दगडावर ती टेकते, आणि त्या दगडाला आता तिच्या बसण्याने चकाकी आली आहे. वाडीच्या नळपाणी योजनेची फाईल दोनदा वरून परत आली होती, दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारून. नदीला मे अखेरपर्यंत पाणी टिकतं का? टिकतं, असा अभ्यास जोडा.

हा अभ्यास करायचा म्हणजे साधारण दोन पावसाळे जातात. नवी मोजमापं, नवं मॉडेल, त्याची तपासणी, मग अहवाल. तोवर योजनेची मुदत संपते, फाईल बंद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यंदा प्रस्ताव मार्चअखेरच्या आत जायला हवा होता, आणि डिसेंबर उजाडला होता. वाडीला कोणी हे सगळं समजावून सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की कागद पुन्हा अडला.

तेव्हा मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब शांत माणूस, खिशात कायम भाजलेले चणे, आणि कुठल्याही प्रश्नावर आधी दोन चणे. मी म्हटलं, नवं मॉडेल कशाला, आपलं आहे की. पुराच्या अंदाजासाठी केलेलं असलं तरी डोंगर तोच, ओढे तेच, माती तीच. मागच्या सगळ्या वर्षांचा पाऊस त्यात पुन्हा पाडू, वाडीला रोज लागणारं पाणी पुलापाशी त्यातून काढून घेऊ, आणि मे महिन्यात नदीत काय उरतं ते बघू. दोन पावसाळ्यांचं काम तीन आठवड्यांत होईल. साहेबांनी चणे चावले. म्हणाले, पुराचं मॉडेल आहे, उन्हाळ्याचं त्याला कोणी विचारलेलं नाही. मी म्हटलं, मग विचारून बघू. मला जे पटतं ते समोरच्याला पटेपर्यंत मी थांबत नाही, ही माझी जुनी खोड आहे. साहेबांनी होकार दिला.

तीन आठवडेही लागले नाहीत. मागचं एकेक वर्ष मॉडेलमधून पुन्हा वाहून गेलं. दर वर्षाच्या आलेखावर वाडीच्या गरजेची लाल रेघ, आणि तिच्या वर, मे महिन्यातही, नदीच्या पाण्याची निळी रेघ. पुन्हा खात्री करून घ्यावी म्हणून दोन वर्षांपूर्वी पुलावर बसवलेल्या सेन्सरच्या नोंदी काढल्या. त्या आबांच्या आकड्यांशी अगदी सेंटिमीटरला जुळल्या. यंत्राने आबांना खरं ठरवलं याचा मला केवढा अभिमान वाटला. साहेबांना आलेख दाखवला, त्यांनी मान डोलावली, आणि अहवाल लिहायला घेतला.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पोपटीचे, मडक्यात शेंगा भाजायचे दिवस होते. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, शेतात भांबुर्ड्याचा पाला घालून मडकं लावलं होतं, आणि मावशीही खाली आली होती. गरम शेंगा सोलता सोलता मी तिला सांगून टाकलं की यंदा कागद जातोय, पाणी आहे असं सिद्ध झालंय, पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या दारात नळ. मावशीने हातातली शेंग खाली ठेवली. तिला आनंद झाला की नाही ते मला कळलं नाही. तिने फक्त विचारलं की नळाला तोटी असेल ना, कारण पलीकडच्या वाडीतल्या नळाला तोटी नव्हती आणि पाणी नुसतं वाहून जात होतं.

आबा जाळ सारत होते. ते माझ्याकडे बघत राहिले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी घरी गेले तेव्हा लॅपटॉप सोबत होता. मी राहते त्या खोपोलीहून पळसदरीवरून स्कूटीने तासाभरात पोचते. पडवीत बसून मी आबांना आलेख दाखवायला लागले, खरं तर शाबासकी घ्यायलाच. आबांनी चष्मा लावला, निळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं की हे काय. मी म्हटलं, फेब्रुवारीतली आपली नदी. आबा म्हणाले, एवढी? मी म्हटलं, आबा, आकडा तुमचाच आहे, साठ सेंटिमीटर.

“आकडा माझाच हाय,” आबा म्हणाले. “पण ते पाणी वाहत नाय, बाय. उभं हाय.”

मला क्षणभर काहीच कळलं नाही. मग बांध आठवला. भात झोडून झालं की दरवर्षी आमचा गाव पुलाच्या खालच्या अंगाला बांध घालतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, गोण्या एकावर एक रचायच्या, मध्ये पेंढा आणि चिखल. घरटी एक माणूस, अर्ध्या दिवसाचं काम. मागे पाणी तुंबतं, ते पुलाखाली पट्टीपर्यंत येतं, आणि त्यावर गुरं, वाल आणि थोडा भाजीपाला निघतो. जूनच्या तोंडावर गोण्या काढतात. म्हणजे नोव्हेंबर ते मे पट्टी जी पातळी दाखवते ती तुंबलेल्या पाण्याची. मॉडेल मात्र पातळी बघून ठरवतं की एवढी उंची म्हणजे एवढं पाणी वाहत असणार. वर्षानुवर्षं त्याने तो आकडा खरा मानला, त्याप्रमाणे स्वतःला दुरुस्त केलं, आणि असं समजून बसलं की आमच्या डोंगरातून उन्हाळाभर पाणी झिरपतं. पुराच्या दिवसांत त्याने काही बिघडत नव्हतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. सेन्सरही त्याच तुंबलेल्या पाण्यात बुडालेला. दोन साक्षीदार जुळले म्हणून मी खूश झाले होते, आणि दोघेही एकाच डबक्यात उभे होते.

आणि बांध मला नवा होता असं तर मुळीच नाही. शाळेत असताना मी स्वतः त्या गोण्या भरल्या आहेत, त्या उभ्या पाण्यात पोहायला शिकले आहे. आमच्या गावात बांध इतका नेहमीचा की तो सांगण्यासारखी गोष्ट आहे हेच आमच्यापैकी कोणाला सुचत नाही. परक्या इंजिनिअरने निदान पुलावरून खाली वाकून बघितलं असतं. मी आपल्याच गावची नदी म्हणून वाकून बघितलंच नाही.

पहिल्यांदा मी काय केलं असेल? आबांवर चिडले. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं तर हे आधी का नाही सांगितलंत?

आबा उठले, आतून वही घेऊन आले, आणि माझ्या मांडीवर उघडी ठेवली.

“सांगितलं की,” ते म्हणाले. “रोज लिवलंय.”

शेऱ्याच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत, टपोऱ्या अक्षरात. ‘आज बांध घातला. पाणी उभं.’ त्याच्या खाली ‘उभं.’ ‘उभं.’ ‘उभं, गुरांनी ढवळलं.’ ‘उभं.’ नोव्हेंबरपासून जूनपर्यंत, एक दिवस न चुकता. आणि जूनच्या पानावर ‘बांध सोडला. पाणी सुटलं.’ मागच्या वर्षीही तेच, त्याच्या मागच्या वर्षीही. मी वही मिटली आणि मला आबांकडे बघवेना. फॉर्ममध्ये जागा नव्हती हे खरं, पण जागा मागायला माझं काय जात होतं? मला लाज वाटली होती, आणि ती गायीची नव्हती. आबांची होती. हे मी त्या दिवशी स्वतःशी पहिल्यांदा कबूल केलं. आबांशी अजून बोलले नाही.

साहेबांना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. कोणी टाईप केलं होतं तेही सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसते चणे खात राहिले, आणि मग म्हणाले की अहवाल थांबवू. म्हणजे दोन पावसाळे. मी म्हटलं, मला मार्चच्या वीस तारखेपर्यंत वेळ द्या. त्यांनी विचारलं, त्यात काय होणार आहे? मी म्हटलं, नवं मॉडेल करायला दोन वर्षं लागतात, असलेलं दुरुस्त करायला नाही, फक्त त्याला खोटं काय आणि खरं काय हे सांगायला हवं, आणि ते सगळं लिहून ठेवलेलं आहे. साहेबांनी खिशात हात घातला, चणे संपले होते. बरं, म्हणाले.

पण त्याच्याआधी वाडीवर जायचं होतं. त्या चढाला एरवी मला दम लागत नाही, त्या दिवशी लागला. मावशीच्या दाराशी पोचले आणि पाय तिथेच थांबले. दाराच्या उजव्या हाताला तिने एक ओटा बांधला होता. नदीतले चपटे दगड, मातीत बसवलेले, वर शेणाने सारवलेलं, आणि मधोमध हंडा बसेल एवढा खळगा. नळाखाली हंडा नीट राहावा म्हणून. ते दगड तिने पाण्याच्या खेपांबरोबर एकेक करून वर आणले होते. मी शेंगा सोलताना दिलेला शब्द तिने त्या गुडघ्यांवर महिनाभर वाहिला होता.

मी उभ्या उभ्या सांगितलं. माझी चूक झाली, पुलाखालचं पाणी उन्हाळ्यात टिकत नाही, बांधाचं पाणी मी वाहतं धरलं, तिथे वाडीची मोटार बसली तर महिन्याभरात डबकं रिकामं होईल, वाडी तहानेलच आणि गावातली गुरंही. मावशी हाताने ओट्याची एक कड गुळगुळीत करत होती, ती करत राहिली. “मंग यंदा नाय,” एवढंच म्हणाली. तिने मला बोल लावला असता तर मी तो घेतला असता. पण ती आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्या घरात पाण्याचा तांब्या म्हणजे काय ते मला माहीत होतं, आणि मी तो नाकारूही शकत नव्हते.

मी पाणी पीत असताना ती सहज बोलल्यासारखं बोलली. खालचं पाणी तुम्ही कशाला धरून बसलात, आम्ही मे महिन्यात खाली येतच नाही, खालचं गुरांनी घाण केलेलं असतं. आम्ही डोंगराच्या अंगाने आडवं जाऊन नदीच्या वरच्या डोहाचं आणतो. थोडं असतं, पण असतं. तिथे पोचायला वाट नाही, म्हणून एरवी खालचं. मी विचारलं, हे तू कोणाला सांगितलं होतंस का? ती म्हणाली, कोणी विचारलंच नाही, सगळे पुलावर येऊन पट्टीचा फोटो काढून जातात. पट्टी जिथे, तिथेच नदी, असं आम्ही सगळे साहेब लोक धरून चाललो होतो. त्यात मीही आले.

मग मी आबांच्या सगळ्या वह्या मागवल्या आणि शेरे टाईप करायला बसले. दुपारच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून. मला हव्या होत्या दोनच तारखा, दरवर्षी बांध कधी घातला आणि कधी सोडला. त्या पंधरा मिनिटांत निघाल्या असत्या. पण एकदा हात घातल्यावर मला एकही ओळ गाळवेना. ‘मुलगी दहावीला बसली. पातळी दोनदा वाचली.’ ‘मुलीला होस्टेलला सोडून आलो. संध्याकाळचं वाचन उशिरा.’ ‘मुलीचा फोन नाही. पाणी निवळलं.’ मी होस्टेलवर असताना आई गेली. त्या तारखेला पातळीचा रकाना रिकामा आहे, सगळ्या वह्यांत तेवढा एकच. शेरा आहे, ‘मंडळी गेली.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा आकडा. संगणकात भरताना मी त्या जागी ‘नोंद नाही’ लिहून पुढे गेले होते, तारीख बघितलीही नव्हती. आणि मॉडेलने त्या रिकाम्या जागेत आदल्या आणि दुसऱ्या दिवसाची सरासरी भरून टाकली होती. मी डबा न खाता उठले आणि गच्चीवर जाऊन खूप रडले. साहेब जिन्यात भेटले, त्यांनी पुडीतले चणे माझ्या हातावर ठेवले.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. बांध असलेल्या दिवसांचे आकडे बाजूला काढले, पाणी मोकळं वाहत असलेल्या दिवसांवरूनच मॉडेलला पुन्हा शिकवलं, आणि सगळी वर्षं पुन्हा त्यातून सोडली. डोंगर, ओढे, पाऊस सगळं आधीच आत होतं, म्हणून एवढ्या लवकर जमलं. पुलापाशी निळी रेघ फेब्रुवारीतच लाल रेघेखाली गेली, आबा म्हणाले होते तशी. मग मी वरच्या डोहाची जागा मॉडेलमध्ये दाखवली आणि तिथली रेघ काढली. बारीक होती. पण संपत नव्हती, वरच्या झऱ्यांच्या आधाराने कमी पावसाच्या वर्षीही मेच्या मध्यापर्यंत आणि एरवी मेअखेरपर्यंत टिकत होती.

या खेपेला मी वाकून बघायचं ठरवलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बादली आणि मोबाइल घेऊन मावशीबरोबर डोहावर गेले. डोहातून पाणी एका खडकावरून धारेने खाली पडतं, तिथे बादली धरायची आणि भरायला किती वेळ लागतो ते बघायचं, ही मोजायची सगळ्यात जुनी रीत. मावशीचं स्वतःचं मोजमाप होतं. होळीच्या सुमाराला मिसरी लावायला सुरुवात केली की निम्म्यात हंडा भरतो, ती म्हणाली, आणि वैशाखात मिसरी लावून, तोंड धुऊन, कोणाची तरी दोन उणीदुणी काढून होईपर्यंत भरतो. मी तिला मिसरी लावायला बसवलं आणि मोबाइलवर वेळ लावली. ती मोजमाप चुकेल या भीतीने इतकी मन लावून मिसरी लावत होती की मला हसू आवरेना, मग तीही हसली. मोबाइलचा आकडा आणि मॉडेलचा आकडा अगदी जवळ आले. वैशाखाचं मोजमाप मात्र पुढच्या वैशाखापर्यंत तिच्या शब्दावर घेतलं.

आता मला खरं तेच सांगायचं होतं, आणि खरं पूर्ण गोड नव्हतं. मी तिला सांगितलं की डोहाचं पाणी थोडं आहे, मोठी टाकी बांधून ते साठवावं लागेल, घरटी मोजून येईल, आणि ज्या वर्षी पाऊस लवकर जाईल त्या वर्षी मेचे शेवटचे पंधरा दिवस नळ कोरडा राहील. चालेल का, असं विचारायला माझी जीभ रेटत नव्हती.

“पंधरा दिवस?” मावशी म्हणाली. “बाय, आमी बारा मयनं काढलं.”

अहवाल अठरा तारखेला गेला. त्यात पंधरा कोरडे दिवस स्पष्ट लिहिले, बांधाची हकिगत लिहिली, आणि आधीचा आलेख का चुकला तेही लिहिलं. साहेबांनी सही करताना विचारलं की स्वतःची चूक एवढी सविस्तर कशाला. मी म्हटलं, इतर पुलांवरही बांध असतील. त्यांनी लगेच सगळ्या पुलांच्या वह्या पुन्हा मागवण्याचं पत्र काढलं. फॉर्ममध्ये तिसरी जागा मी त्याच आठवड्यात करून घेतली. ती मी मुद्दाम लांबलचक ठेवली आहे.

फाईल त्या पावसाळ्यात मंजूर झाली. दिवाळीनंतर काम सुरू झालं, टाकी झाली, पाइप वाडीपर्यंत आले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये एका सकाळी आबांचा फोन आला की ये. मी पोचले तेव्हा मावशीच्या दारात वाडीतल्या चार बाया उभ्या होत्या. ओट्याच्या वर नळ, नळाला तोटी, खळग्यात हंडा बरोबर बसलेला. मावशीने तोटी फिरवली, हंडा भरेपर्यंत बघत राहिली, तोटी बंद केली. एक थेंब गळतोय का ते बोट लावून बघितलं. मग माझ्या गालावरून ओला हात फिरवला आणि म्हणाली की आज दगडावर कोण बसणार गं. मी तिच्या गळ्यात पडले. तिच्या अंगाला मिसरीचा वास होता, तोच, लहानपणी कडेवर असताना यायचा तो.

खाली आबांनी भात आणि वालाचं बिरडं करून ठेवलं होतं. जेवताना मी कितीतरी वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. मला त्यांना सांगायचं होतं की तेव्हा मला तुमची लाज वाटली होती. आबांनी माझ्या ताटात आणखी बिरडं वाढलं आणि पट्टीला नवा रंग कधी देणार ते विचारलं. मी म्हटलं, याच महिन्यात.

आबा हल्ली आकडा फोनवर सांगतात आणि वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी तो उघडला. आदल्या दिवशीच्या ओळीत पातळी होती, आणि पुढे शेरा, समासात चढून पानाच्या डोक्यावर गेलेला. फोन फिरवून फिरवून वाचावा लागला. ‘पुलाला पाणी उभं. वाडीत नळ आला, तिथं वाहतं. मुलगी आली होती. जेवून गेली.’

मी फॉर्म उघडला. वेळ भरली, पातळी भरली, आणि तिसऱ्या जागेत सगळा शेरा जसाच्या तसा टाईप केला. जेवून गेली, हेसुद्धा.